दोन बोटं इकडे, तीन बोटं तिकडे

दोऱ्याला बांधलेला लोखंडी नट डुलायचा थांबला. मिस्त्रींनी एक डोळा मिटला, दोरा धरलेला हात लांब केला आणि त्या उभ्या रेषेच्या आडून झाडाकडे पाहिलं. मीही त्यांच्या मागे जाऊन उभी राहिले. इतका वेळ ते झाड मला जरासं कललेलं वाटत होतं. दोऱ्याशेजारी ते चक्क ओणवं दिसायला लागलं. बुंधा दोऱ्याला लागून आणि शेंडा पार शेजाऱ्यांच्या पत्र्यावर.

“दस फुट बाहर है मॅडम,” मिस्त्री म्हणाले. मग झाडाला वळसा घालून त्यांनी दुसऱ्या बाजूने पुन्हा नट सोडला. एका बाजूने पाहून भागत नाही. झाड शेजाऱ्यांकडे दहा फूट कललेलं असलं, तरी त्याच वेळी घराकडेही दोन फूट झुकलेलं असू शकतं, आणि घात होतो तो त्या दोन फुटांनी.

संपादकांनी यंदाच्या अंकासाठी ‘तोल’ हा विषय कळवला, त्याच आठवड्यात हैदराबादहून मावशींचा फोन आला होता. “दारातला सोनमोहर काढायचा म्हणताहेत गं. तू असशील तर मला धीर येईल.” काका, म्हणजे मावशींचे यजमान, परभणीहून उस्मानिया विद्यापीठात शिकायला आलेले. मराठवाडा तेव्हा हैदराबाद राज्यात होता. औरंगाबादला स्वतंत्र विद्यापीठ झालं १९५८ साली, तोवर मराठवाड्यातली कॉलेजंसुद्धा उस्मानियालाच जोडलेली. काका शिकले, इथेच नोकरीला लागले आणि इथलेच झाले. विद्यानगर स्टेशनापासून दहा मिनिटांवरच्या या गल्लीत घर बांधलं, तेव्हा फाटकाशेजारी त्यांनी स्वतःच्या हाताने हे रोप लावलं. काका गेले. झाड पंचेचाळीस वर्षांचं झालं. उन्हाळ्यात पिवळ्या फुलांचा सडा पडायचा आणि तो झाडून काढताना मावशी रोज कुरकुर करायच्या.

मे महिन्यात एका संध्याकाळी वळीव आला, सोसाट्याचा वारा सुटला. सकाळी दूधवाल्याला फाटक उघडेना. फाटकाखालची शहाबादी फरशी एका कडेने चार बोटं उचलली गेली होती.

झाड कलतं कसं

त्या उचललेल्या फरशीपाशी मिस्त्री उकिडवे बसले आणि बराच वेळ उठले नाहीत. फटीत पेचकस घातला, माती कुरतडली, मुठीत घेऊन वास घेतला. शेंड्याकडे त्यांनी तोवर नीट पाहिलंसुद्धा नव्हतं.

कललेलं प्रत्येक झाड पडायला आलेलं नसतं, हे मी त्या दिवशी शिकले. कलण्याचे दोन अगदी वेगळे प्रकार आहेत. एक जुना कल. लहानपणी शेजारच्या भिंतीची सावली पडली, उजेडाच्या शोधात रोप तिरपं वाढलं, आणि पुढे मोकळं आभाळ मिळाल्यावर सरळ वर चढलं. अशा झाडाच्या खोडाला बाक असतो. खाली तिरपं, वर पुन्हा उभं. त्या झाडाने आपल्या कलाचा हिशेब वर्षानुवर्षं मुळांत आणि खोडात भरून काढलेला असतो. दुसरा नवा कल. यात खोड सरळसोट असतं आणि सगळं झाडच खांब कलावा तसं मुळापासून कलतं. ज्या बाजूला झुकलं त्याच्या विरुद्ध बाजूची जमीन फुगते, भेगा पडतात, फरश्या उचलतात. मावशींचा सोनमोहर या दुसऱ्या प्रकारचा.

विद्यानगरातून उस्मानियाकडे जाताना दुर्गाबाई देशमुखांच्या नावाचं रुग्णालय लागतं. त्यांचे पती चिंतामणराव आपल्याला रिझर्व्ह बँकेचे पहिले भारतीय गव्हर्नर आणि देशाचे अर्थमंत्री म्हणून ठाऊक आहेत. पण केंब्रिजला ते वनस्पतिशास्त्र शिकले होते आणि १९१७ साली त्या विषयातलं फ्रँक स्मार्ट पारितोषिक त्यांनी मिळवलं होतं. १९८२ साली ते याच शहरात वारले. त्यांच्या या आवडत्या शास्त्राने कललेल्या झाडाबद्दल एक फार सुंदर गोष्ट शोधलेली आहे. झाड कललं की त्याला ते कळतं, आणि ते वेगळ्या प्रकारचं लाकूड तयार करायला लागतं. देवदार, पाइन अशी सूचिपर्णी झाडं कलाच्या खालच्या बाजूला दाट, कठीण लाकूड घालून स्वतःला खालून रेटतात. आपली आंबा, वड, सोनमोहर ही रुंद पानांची झाडं उलटं करतात. वरच्या बाजूला आकसणारे, चिवट धागे घालतात आणि दोर ओढावा तसं स्वतःला वर ओढतात. जुन्या कलाच्या झाडाच्या पाठीत असा ताणलेला दोर कायमचा विणलेला असतो.

सोनमोहराला तो विणायला वेळच मिळाला नाही. का, ते मिस्त्रींनी बोटाने दाखवलं. हैदराबादची जमीन ग्रॅनाइटची. हातभर मुरूम खणला की कातळ लागतो, मुळं खोल जात नाहीत, आडवी पसरतात. फाटकाच्या बाजूची आडवी मुळं दोन वर्षांपूर्वी नाल्याच्या खणतीत तुटली. त्यानंतर गल्ली सिमेंटची झाली, म्हणजे उरलेल्या मुळांचं पाणी आणि हवा तुटली. आणि तारांना लागतात म्हणून एका बाजूच्या फांद्या दरवर्षी छाटल्या गेल्या. दुसरी बाजू तशीच वाढत राहिली. एका हातात भरलेली बादली आणि दुसरा हात रिकामा, असं ते झाड कित्येक वर्षं उभं होतं.

बुंध्यावर त्यांनी लाकडी हातोडी मारत एक फेरी घातली. टक्, टक्, टक्. जमिनीपासून वीतभरावर एके ठिकाणी आवाज बदलला, मडक्यावर टिचकी मारावी तसा झाला. तिथे खडूने फुली केली. “अंदर खाली है,” ते म्हणाले. कापायची जागा त्या फुलीच्या वर सरकली. आतून पोकळ लाकडात बिजागरी टिकत नाही. ही बिजागरी काय असते, ते पुढे सांगते, कारण माझ्या मते सगळी विद्या तिच्यात आहे.

ताणलेलं लाकूड

हिरवी काडी दोन हातांत धरून वाकवली की बाहेरच्या अंगाचे धागे ताणले जातात, आतल्या अंगाचे चेपले जातात. कललेल्या झाडाचं खोड म्हणजे हीच काडी, फक्त काही टनांची. कलाच्या वरच्या अंगाला ताण, खालच्या अंगाला दाब. कापणाऱ्याला ही दोन अंगं डोळे मिटूनसुद्धा सांगता आली पाहिजेत. दाबाच्या बाजूने पातं खोल घातलं की लाकूड मिटतं आणि करवत चिमट्यात अडकते. ताणाच्या बाजूने एकदम कापलं की धागे तडातडा सुटतात. फांदी असो वा आडवा पडलेला ओंडका, रीत एकच. आधी दाबाच्या बाजूने थोडंसं, मग ताणाच्या बाजूने सावकाश, आणि आपण उभं राहायचं ते फांदी ज्या बाजूला उसळेल तिच्या विरुद्ध.

सगळ्यात वाईट प्रकार होतो तो ज्या दिशेला झाड कललंय त्याच दिशेला पाडताना. वरवर पाहता हे सोपं काम. झाड तिकडे जायला टपलेलंच आहे. पुढून खाच घेतली, मागून कापत आलो की झालं. पण मागचा काप निम्म्यावर येतो न येतो तोच झाडाचं वजन धीर सोडतं. खोड पडायला निघतं, आणि आतलं न कापलेलं लाकूड तुटायच्या ऐवजी उभं चिरत जातं. मागची अर्धी फळी बुंध्यापासून सुटून वर उसळते, कापणाऱ्याच्या छातीला किंवा जबड्याला लागते, आणि वर चिरून अडकलेलं खोड नंतर सरळ खाली येतं. अमेरिकेतले लाकूडतोडे याला ‘न्हाव्याची खुर्ची’ म्हणतात, कारण खुर्चीची पाठ मागे कलते तशी फळी मागे येते. मिस्त्री नुसतं म्हणाले, “झाड़ फटता.” नीलगिरीच्या लागवडीत काम करताना त्यांच्या शेजारच्या माणसावर असं झाड फाटलं. तो जगला. त्याने परत करवत धरली नाही.

यावरचा उपाय मी आधी वाचला होता, पण प्रत्यक्ष पाहिल्याशिवाय कळला नाही. खाच पुढून घ्यायची, बुंध्याच्या जाडीचा पाचवा ते चौथा भाग खोल. मग मागून कापत न येता पात्याचं टोक खोडाच्या कुशीतून आरपार खुपसायचं आणि मधलं लाकूड आतून कापून काढायचं. पुढे बिजागरी राहते, मागे एक पट्टी राहते, मध्ये पोकळ चीर. झाड अजून हलत नाही, कारण मागची पट्टी त्याला धरून आहे. कापणारा करवत बाहेर काढतो, मागे कोण उभं आहे ते पाहतो, आपली पळवाट पाहतो, आणि मग ती मागची पट्टी एका घावात तोडतो. झाड जातं तेव्हा आत चिरायला लाकूडच उरलेलं नसतं. पात्याचं टोक खुपसतानाही एक पथ्य आहे. टोकाच्या वरच्या अर्ध्या भागाने लाकडाला स्पर्श केला तर साखळी पातं उलटं, थेट तोंडाकडे फेकते. म्हणून सुरुवात टोकाच्या खालच्या अंगाने. सेकंदाला वीसेक मीटर वेगाने फिरणाऱ्या साखळीसमोर माणसाला सावरायला वेळ मिळत नाही.

कोकणातल्या माडाला यातलं बरंचसं लागू पडत नाही. माडाचं लाकूड कडेने कठीण आणि गाभ्यात मऊ, त्यामुळे धरायचं काम कडाच करतात. झाड बदललं की हात बदलावा लागतो.

आलापल्लीत ऐकलेलं

काही वर्षांपूर्वी गडचिरोलीतल्या आलापल्लीच्या सागवानात एक कूपतोड पाहिली होती. तोडायच्या झाडांवर वनखात्याच्या हातोड्याचा शिक्का, घेर मोजून लिहिलेले आकडे, आणि तोड अगदी जमिनीलगत, म्हणजे बुडख्यातून पुन्हा धुमारे फुटतात. जंगलात काम करणाऱ्याकडे एक श्रीमंती असते, ती म्हणजे जागा. नियमच असा की झाडाच्या उंचीच्या दुप्पट अंतरात दुसरं कोणी नको. पंधरा मीटरचं झाड असेल तर तीस मीटर. विद्यानगरच्या गल्लीत तीस मीटरांत सहा घरं, एक किराणा दुकान आणि इस्त्रीवाल्याची गाडी येते.

पण जंगलातली खरी अडचण मागे कललेल्या झाडाची. आपल्याला पाडायचंय पुढे, झाड टेकलंय मागे. तिथे पाचर लागते. मागच्या कापात पाचर बसवायची, थोडं कापायचं, पाचर ठोकायची, पुन्हा थोडं कापायचं. आपण ‘पाचर मारली’ असं म्हणतो ते काम बिघडवणाऱ्याबद्दल. इथे मात्र पाचरच काम घडवते. तिचा हिशेब एका म्हाताऱ्या कामगाराने मातीत काटकीने रेघा ओढून समजावला होता, तो मी घरी येऊन कागदावर मांडला. बिजागरीपासून पाचरीपर्यंत ३५ सेंटिमीटर आणि झाड १४ मीटर उंच असेल, तर पाचरीने बुंधा मागून अडीच सेंटिमीटर उचलला की शेंडा एक मीटर पुढे सरकतो. अडीच सेंटिमीटर म्हणजे अंगठ्याच्या एका पेरापेक्षा कमी. तेवढ्यात झाडाचं मन वळतं. शेंडा एका मीटरपेक्षा जास्त मागे असेल तर एका पाचरीने भागत नाही. मग दुसरी पाचर, किंवा वरून दोर. दोर जितका उंच बांधाल तितकी ओढ हलकी. ओढणाऱ्यांनी उभं राहायचं झाडाच्या उंचीपलीकडे, किंवा कप्पीने दोर वळवून भलत्याच बाजूला.

राहिलं कुशीला कललेलं झाड. पाडायचंय पुढे, कललंय डावीकडे. मावशींच्या अंगणात शेवटी हाच प्रसंग येणार होता.

कागद

त्याआधी कागद. एकत्र आंध्र प्रदेशात २००२ साली पाणी, जमीन आणि झाडं या तिन्हींसाठी एक कायदा झाला. त्याच्या इंग्रजी नावाच्या आद्याक्षरांवरून सगळे त्याला ‘वाल्टा’ म्हणतात आणि तेलंगणातही तो चालू आहे. आपल्या अंगणातलं, आपणच लावलेलं झाडसुद्धा परवानगीशिवाय तोडता येत नाही, आणि तोडल्याच्या बदल्यात नवी झाडं लावायची असतात. आपल्याकडे शहरांसाठी १९७५ चा वृक्षसंरक्षण कायदा आहे, तसंच हे.

मावशींना ही दगदग वाटत होती. मला वाटली नाही. झाडांच्या बाबतीत या शहराची आठवण लांबची आहे. सप्टेंबर १९०८ मध्ये मुसी नदीला महापूर आला तेव्हा अफझलगंजमधल्या एका चिंचेवर चढून दीडशेच्या आसपास माणसं वाचली, आणि ती चिंच उस्मानिया रुग्णालयाच्या आवारात लोकांनी जपली. एप्रिल २०२५ मध्ये कांचा गच्चीबावलीच्या ४०० एकरांवर यंत्रं चालली, तेव्हा विद्यार्थी रस्त्यावर आले आणि सर्वोच्च न्यायालयाने तोड थांबवली. एक झाड काढायला एक अर्ज आणि एक पाहणी, एवढं तर हवंच. पाहणीला आलेल्या माणसाने उचललेली फरशी पाहिली आणि सही केली.

वरून खाली

काम सुरू झालं ते सकाळी सातला. ऊन तापायच्या आणि गल्लीतली मुलं बाहेर पडायच्या आत जितकं उरकेल तितकं.

मुळं सुटलेल्या झाडावर माणूस चढवायचा नाही, हे मिस्त्रींनी आदल्या दिवशीच सांगितलं होतं. चढणाऱ्याच्या वजनाने आणि हिसक्यांनी उरलेली मुळंही सोडतात. म्हणून रस्त्यावरचे दिवे दुरुस्त करायला येते तशी, बादली वर उचलणारी गाडी मागवली होती. त्याही आधी त्यांनी झाड बांधून घेतलं. अंगणाच्या दुसऱ्या टोकाला, फाटकापलीकडे, एक आंबा आहे. त्याच्या बुडाशी गोणपाट गुंडाळून त्यावरून दोर घेतला, दुसरं टोक सोनमोहराच्या वरच्या खोडाला, मध्ये चेन-पुली. साखळी ओढत ओढत दोर ताठ केला. झाड सरळ करायचा हा प्रयत्न नव्हता. त्याने आहे तिथून पुढे कलू नये, एवढंच. दोर बांधायच्या आधी आंब्याचीही तपासणी झाली. नट, हातोडी, बुडाभोवतीची माती, सगळं.

वीज बंद केल्याचा निरोप आला आणि बादली वर गेली. एकेक फांदी तीन कापांत. पहिला काप खालून, थोडासाच. दुसरा त्याच्या पुढे, वरून, म्हणजे फांदी तुटताना खालची साल खोडापर्यंत सोलून नेत नाही. उरलेला खुंट मग तिसऱ्या कापाने. प्रत्येक फांदी कापायच्या आधी दोराला बांधलेली. दोर वरच्या कप्पीतून खाली येऊन बुंध्याला अडीच वेढे घेतो आणि तिथे एक पोरगा तो धरून उभा. मला वाटलं होतं, जड फांद्यांसाठी जास्त माणसं लागतील. वेढ्यांच्या घर्षणाने तो एकटा पुरला. ४० सेंटिमीटर जाड आणि मीटरभर लांब ओल्या ओंडक्याचं वजन शंभर ते सव्वाशे किलो भरतं, आणि तसले ओंडके तो विहिरीत कळशी सोडावी तसे खाली सोडत होता. फक्त एक काळजी. ओंडका आधी मोकळा पडून मग दोरावर अडकता कामा नये. मीटरभर पडला तरी दोराला बसणारा हिसका त्याच्या वजनाच्या कितीतरी पट असतो.

हुकूम तीन भाषांत चालले होते. ‘लागु’ म्हणजे ओढ, ‘वदुलु’ म्हणजे सोड, ही तेलुगू. ‘हल्लू हल्लू’ ही दखनी, आपल्या ‘हळूहळू’ची सख्खी बहीण. तेलुगूत थांब म्हणायला ‘आगु’ म्हणतात, पण तो शब्द मिस्त्रींच्या टोळीत चालत नाही. करवतीचा आवाज १०० डेसिबलच्या वर जातो, त्यात ‘लागु’ आणि ‘आगु’ एकच ऐकू येतात. ओढ आणि थांब यांची गल्लत झाली तर माणूस जातो. थांबायला त्यांच्याकडे शिट्टी आहे. ती गळ्यात अडकवून मिस्त्रींचा पुतण्या दिवसभर फक्त बघत उभा होता. तेवढंच त्याचं काम, आणि ते करताना कोणी त्याला दुसरं काही सांगायचं नाही.

मावशी व्हरांड्यात बसून होत्या. मधूनच उठून सगळ्यांना ताक देत होत्या. पहिली मोठी फांदी खाली आली तेव्हा त्या आत गेल्या आणि देवघरापाशी बसल्या. मीही काही बोलले नाही.

दोन बोटं, तीन बोटं

दुपारी तीनला अंगणात फक्त साडेचार मीटरचं खोड उरलं, फाटलेल्या बाहीसारखं. ते शेजाऱ्यांच्या भिंतीकडे कललेलं, आणि पाडायचं होतं आत, अंगणात, जिथे त्याच्याच फांद्यांची गुडघाभर गादी रचली होती. पुढे पाडायचं, कललंय कुशीला.

मिस्त्रींनी गादीच्या दिशेने खाच घेतली. वरचा काप तिरपा, खालचा आडवा, दोन्ही एका रेषेत येऊन मिळाले आणि कलिंगडाची फोड निघावी तसं लाकूड निघालं. खाचेचं तोंड त्यांनी गादीच्या मध्यावर न धरता फाटकाकडे थोडं चुकतं धरलं. झाड पडताना कलाकडे जरा ओढलं जाणारच, तेवढी जागा आधीच सोडलेली.

मग त्यांनी खोडावर हात ठेवला. शेजाऱ्यांच्या बाजूला खाचेच्या मागे दोन बोटं आडवी ठेवून खडूची खूण केली. फाटकाच्या बाजूला गेले, तिथे तीन बोटं ठेवली. दोन खुणांना जोडणारी रेघ तिरकी आली.

“इधर दो, उधर तीन. बीच का काटूँगा नहीं.”

हीच बिजागरी. खाच आणि मागचा काप यांच्यामध्ये मुद्दाम न कापता ठेवलेली लाकडाची पट्टी, बुंध्याच्या जाडीचा साधारण दहावा भाग. दाराला बिजागरी असते म्हणून दार निखळत नाही, ठरल्या वाटेने फिरतं. पडणाऱ्या झाडाचंही तसंच. पट्टी फार जाड ठेवली तर झाड पडत नाही, जोर लावावा लागतो आणि खोड चिरतं. फार पातळ ठेवली, किंवा चुकून पूर्ण कापली गेली, की झाड कुठेही जायला मोकळं. कुशीला कललेल्या झाडात ताणाच्या बाजूचे धागे त्याला धरून ठेवतात, म्हणून ती बाजू जाड. माझं लक्ष इतका वेळ करवतीकडे होतं. खरं कसब ते लाकूड सोडून देणाऱ्या हातात होतं.

पळवाट मोकळी केली होती, पडायच्या दिशेच्या मागे, तिरकी, पंचेचाळीस अंशांत. तिथली काटकी न् काटकी उचललेली. शिट्टीवाल्या पुतण्याने दोन्ही बाजूंना पाहून हात वर केला. करवत मागून शिरली. शेजाऱ्यांच्या बाजूने पिवळी प्लास्टिकची पाचर बसली, तिच्यावर तीन घाव. करवत थांबली. त्या शांततेत लाकडाचा आवाज आला, कर्र, मग थांबला, मग पुन्हा कर्र. मिस्त्री पाठ न फिरवता, झाडाकडे बघत, तिरक्या वाटेने पाच-सहा पावलं मागे गेले. खोड आधी भिंतीकडे जातंय असं वाटून माझ्या पोटात गोळा आला. तीन बोटांच्या बाजूने त्याला धरलं, वळवलं, आणि ते गादीवर आडवं झालं. जमीन हादरली. व्हरांड्यातला पितळी तांब्या कलंडला.

बुडख्यावर ती पट्टी तुटलेल्या धाग्यांची उभी राहिली होती. एका बाजूला आखूड धागे, दुसऱ्या बाजूला लांब, ओले, पांढरे. मी हात लावला. गरम होते.

डोक्यावरचं

अमेरिकेत २०२२ साली दर एक लाख लाकूडतोड कामगारांमागे शंभर जणांचा कामावर मृत्यू झाला. तिथल्या सगळ्या कामगारांची सरासरी पावणेचारच्या आत आहे. ज्या देशात प्रशिक्षण आहे, यंत्रं आहेत, नोंद ठेवली जाते, तिथला हा आकडा. आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेने जंगलकामाच्या सुरक्षेची संहिता १९९८ साली काढली. हेल्मेट, कानांवर आवरण, डोळ्यांपुढे जाळी, आणि ज्यातले लांब धागे साखळीत गुंतून करवत क्षणात थांबवतात अशी विजार, हे सगळं जगात केव्हाच नेहमीचं झालंय.

मिस्त्रींच्या टोळीत हेल्मेटं होती आणि कानांत बोळे होते. ती विजार नव्हती. आपल्याकडे झाड तोडणारा बहुतेक रोजंदारीवरचा असतो, काम तो कोणाच्या तरी मागे उभा राहून शिकलेला असतो. आपण भाव करतो तो झाडावर. चार ठिकाणी विचारतो आणि सर्वांत स्वस्त सांगणाऱ्याला बोलावतो. तो स्वस्त असतो कारण त्याने गाडी धरलेली नसते, शिट्टीवाला धरलेला नसतो, दुसरा दोर धरलेला नसतो. मीही पुण्यात एकदा असंच केलंय आणि माणूस उघड्या डोक्याने, पायात स्लिपर घालून वर चढताना खालून बघत उभी राहिलेय. ते आठवलं की अजून अस्वस्थ होतं. झाड काढायला माणूस बोलावताना ‘किती घेणार’ याच्या आधी ‘दोर कुठे बांधणार’ आणि ‘खाली कोण उभं राहणार’ हे विचारायला आपल्याला काय लागतं?

पिल्ललमर्री

संध्याकाळी चहा घेताना कळलं की मिस्त्री महबूबनगरकडचे. “हमारे उधर का पिल्ललमर्री देखे क्या?” त्यांनी विचारलं. हैदराबादहून शंभरेक किलोमीटरवरचा हा वड सातशे वर्षांचा मानतात. डिसेंबर २०१७ मध्ये वाळवीने पोखरलेली त्याची एक मोठी फांदी कोसळली आणि तो लोकांसाठी बंद करण्यात आला. वनखात्याने मग फांद्यांना आजाऱ्याला लावतात तशा सलाइनच्या बाटल्या लावून वाळवीचं औषध थेंबथेंब आत सोडलं, झुकलेल्या फांद्यांखाली टेकू उभे केले, आणि पारंब्या जमिनीपर्यंत नीट पोचाव्यात म्हणून त्यांना नळ्यांतून वाट करून दिली. पारंबी जमिनीत रुजली की ती स्वतःच खांब होते. मिस्त्री ते पाहायला दोनदा गेले होते. टेकू कुठे कुठे दिलेत, ते त्यांनी चहाच्या कपाभोवती काड्या उभ्या करून मला दाखवलं.

तेवढ्यात शेजारचे गृहस्थ कुंपणापाशी आले. गाडी आलीच आहे, माणसं आहेत, तर तो आंबाही काढून टाका, तोही वाकडाच आहे की, म्हणाले. मावशींनी माझ्याकडे पाहिलं. त्या थकल्या होत्या, हो म्हणाल्या असत्या.

मिस्त्रींनी कप खाली ठेवला, खिशातून दोरा काढला आणि आंब्यापाशी गेले. नट थांबेपर्यंत कोणी बोललं नाही. आंबा दोऱ्यापासून चांगला चार फूट बाहेर होता. पण खोडाला बाक होता, खाली तिरपं, वर सरळ. त्यांनी बुडाभोवती पाय दाबत एक फेरी घातली. दिवसभर सोनमोहराला धरून ठेवलेल्या त्या झाडाच्या मुळाशी मातीला एक भेग नव्हती. गोणपाट सोडून त्यांनी सालीवर उमटलेला दोराचा वळ अंगठ्याने चोळला.

“ये पुराना है अम्मा,” ते मावशींना म्हणाले, “नक्को काटो.”